परीक्षेआधीच पहिली

बॅनरवाल्यांच्या हातून चूक झाली ती घाईत, आणि लक्षात आली ती वीस फूट रुंद होऊन चौकात टांगल्यावर.

गावातल्या तिन्ही क्लासेसचे बॅनर त्यांच्याच दुकानात छापले जात. गेल्या वर्षी प्रवेश परीक्षेत पहिला आलेला चष्मेवाला मुलगा तिन्ही क्लासेसनी आपापलाच म्हणून जाहीर केला, तेव्हा बॅनरवाल्यांनी इमानेइतबारे प्रत्येक बॅनरवर त्याच्या शर्टाचा रंग तेवढा बदलून दिला होता. एवढं आतलं ठाऊक असलेल्या माणसाने खरं तर क्लासचं नाव काढू नये. पण छे! या बॅनरवर गावात सगळ्यात जास्त विश्वास कुणाचा असेल, तर तो छापणाऱ्याचाच.

लेकीला मात्र क्लास नको होता. जुन्या प्रश्नपत्रिका घरी सोडवीन, अडलं तर कॉलेजच्या मॅडमना विचारीन, क्लासला जाण्यायेण्यातच तीन तास जातील, असं तिचं म्हणणं. "बाबा, मला एकदा माझ्या पद्धतीने करून तर बघू द्या," ती म्हणायची, आणि बॅनरवाले मनात म्हणायचे, सगळ्यांची मुलं क्लासला आणि आपली तेवढी घरी? उद्या कमीजास्त झालं तर बापानेच पोरीचं वाटोळं केलं म्हणायचे. म्हणून त्यांनी तिच्या नकळत एका क्लासचा प्रवेश अर्ज आणला आणि त्यावर लावायला तिचा फोटो कॉम्प्युटरवर घेऊन ठेवला. नेमका त्याच दिवशी त्याच क्लासच्या सरांना नवा बॅनर तातडीने हवा होता. 'यंदाची पहिली' या चौकटीत बसायची ती मुलगी राहिली बाजूला, आणि लेक जाऊन बसली. खाली नाव नव्हतंच. नाव टाकलं की लोक चौकशा करतात, असं सरांचं धोरण होतं.

दुपारपर्यंत बायकोला ऑफिसात पेढे मागून झाले. आत्याने फोनवर आनंदाने रडून घेतलं. लेक कॉलेजातून आली ती थेट दुकानात. "बाबा, मी पहिली कधी आले? माझी परीक्षा पुढच्या वर्षी आहे."

बॅनरवाले शिडी घेऊन चौकात पोचले, तर खाली सर उभे. सकाळपासून चाळीस पालक येऊन गेले म्हणाले. मुलीचा चेहरा कसा आपल्यातलाच वाटतो, राहू द्या तिला वर. रविवारी पालकसभेत तिला दोन शब्द बोलायला आणा, त्या बदल्यात पहिल्या तुकडीत तिची जागा पक्की. जागा पक्की म्हटल्यावर बॅनरवाल्यांनी शिडी मिटून खांद्यावर घेतली. लेकही दोन शब्द बोलायला लगेच तयार झाली.

रविवारी हॉल गच्च भरला. लेकीने माइक हातात घेतला. "मी पहिली आलेली नाही. माझी परीक्षा अजून व्हायची आहे. या क्लासमध्ये मी आज पहिल्यांदाच पाऊल टाकलंय. बॅनरवरचा फोटो चुकून लागलाय."

सरांनी घाम पुसला. तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक गृहस्थ शेजारच्यांना म्हणाले, "परीक्षेच्या आधीच पहिली. बघा, याला म्हणतात तयारी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हाच आत्मविश्वास आम्ही देतो, असं सरांनी लगेच सांगून टाकलं आणि प्रवेशाच्या टेबलापुढे ही रांग लागली. एक बाई तर आठवीतल्या धाकट्यालाही आत्ताच घेता का म्हणून विचारत होत्या.

भरलेला अर्ज हातात धरून बॅनरवाले रांगेत पाचवे होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. लेक दारापाशी खाली मान घालून उभी होती. बिचारीने चारशे माणसांसमोर जे खरं ते सांगितलं, आणि एकाच्याही डोक्यात ते शिरलं नाही. सख्ख्या बापाच्याही नाही. बॅनरवाल्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्यांचा नंबर आला. टेबलामागच्या बाईंनी अर्जासाठी हात पुढे केला. बॅनरवाल्यांनी अर्जाची घडी घालून खिशात टाकली आणि ते तडक दाराकडे गेले.

"किती वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत गं तुझ्याकडे?"

"पाच."

"दहा वर्षांच्या मिळव. छापून मी देतो."

लेकीने त्यांचा दंड घट्ट धरला.

इकडे रांगेत त्यांच्यामागे उभे असलेले एक गृहस्थ घाईघाईने पुढे सरकले. बॅनरवाल्यांना हाक मारून ते मोठ्या कौतुकाने म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. तुम्हाला आता क्लास कशाला? तुमची तर आलीच आहे पहिली."