सासूबाई, पवित्र पाणी आणि सेकंडहँड प्रोजेक्टर

तसं पाहिलं तर माझी एकच चूक झाली. (बायकोच्या मते यादी बरीच मोठी आहे, पण लिहितोय मी.) ग्रीसमधल्या आस्त्रोस गावातलं सासऱ्यांचं उघड्यावरचं थिएटर त्यांच्या माघारी तीन उन्हाळे बंद होतं आणि त्या अंगणावर माझ्या मेहुण्याचा, थ्रासोसचा, डोळा होता. त्याला तिथे पार्किंग करायचं होतं. शेवटी सासूबाईंनी तोड काढली. "पंधरा जूनला सिनेमा लागला तर थिएटर एवांथियाचं. नाही लागला तर थ्रासोस, लाव बाबा तुझ्या गाड्या."

एवांथिया म्हणजे माझी बायको. त्याच अंगणात ती लहानाची मोठी झाली. तिचा उतरलेला चेहरा मला बघवेना. मी छाती पुढे काढून म्हणालो, "प्रोजेक्टरचं माझ्याकडे लागलं!"

सासऱ्यांचं जुनं रिळांचं मशीन मी भंगारात द्यायला सांगितलं. (सासूबाईंनी त्यावर विणलेला रुमाल घालून फुलदाणी ठेवली.) आणि पात्रास शहरातल्या एका बंद पडलेल्या थिएटरचा डिजिटल प्रोजेक्टर ठरवून आलो.

"चालवून पाहिलास ना?" एवांथियाने विचारलं.

"पाहिला म्हणजे! काय रंग, काय झगमगाट!"

"कुठला सिनेमा लावला होता?"

"सिनेमा नाही गं. पट्टे. लाल, हिरवे, निळे. पण असे पट्टे आयुष्यात पाहिले नव्हते."

मशीन आलं. चौघांनी उचललं, त्यातल्या दोघांची कंबर अजून धरलेली आहे. आमच्याकडे नवं दुकान असो की नवी होडी, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडल्याशिवाय कामाला लागत नाही. चौदा तारखेला सकाळी पाद्री पापा-फोतिस तुळशीची जुडी आणि पवित्र पाण्याचं भांडं घेऊन हजर झाले. त्यांनी पत्र्यावर चार थेंब उडवले. सासूबाईंचं समाधान होईना.

"पत्र्याला कसला आशीर्वाद? आत जाऊ दे की. उघडा ते झाकण, जावईबापू!"

"आई, आत विजेचं काम आहे!"

"मग? देव विजेला घाबरतो?"

मी प्लग काढून झाकण उघडलं आणि पापा-फोतिसनी हात आखडता घेतला नाही. दुपारी सगळं कोरडं पुसून सिनेमा लावला, तर पडद्यावर काही नाही. मशीनवर फक्त एक लाल दिवा.

सिनेमा पाठवणाऱ्या अथेन्सच्या माणसाला फोन लावला.

"झाकण उघडलंत?" तो किंचाळला. "अहो, सिनेमा कुलूपबंद असतो! किल्ली फक्त त्या मशीनच्या पोटात. कुणी झाकण उघडलं की मशीन त्याला चोर समजतं आणि सगळ्या किल्ल्या विसरतं. कायमचं!"

फोन ठेवून मी सासूबाईंवर जो घसरलो! "तुमच्या त्या पाण्यापायी तुमच्या मुलीचं थिएटर गेलं!" सासूबाईंनी उठून जुन्या मशीनवरच्या फुलदाणीचं पाणी बदललं. (त्या बोलतात तेव्हा मला एवढी भीती वाटत नाही.) थ्रासोस तर चुना आणि दोरी घेऊन रेघा मारायला आलासुद्धा.

पंधरा तारखेला दुपारी अथेन्सहून मिर्सिनी नावाची तंत्रज्ञ बाई आली. तिने लॅपटॉप जोडला, मशीनमधल्या नोंदी वाचल्या आणि विचारलं, "याबद्दल कुणी बोलणी खाल्लीत?"

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"बिचाऱ्या! हे झाकण पहिल्यांदा उघडलंय दीड वर्षापूर्वी, पात्रासमध्ये. मशीन तेव्हाच मेलं. घेताना सिनेमा लावून पाहिला नाहीत?"

"पट्टे पाहिले होते," एवांथिया थंडपणे म्हणाली.

"पट्टे काय, मेलेलं मशीनही दाखवतं."

सासूबाई उठल्या. जुन्या मशीनवरची फुलदाणी उचलली, रुमालाची घडी केली. त्यांनी मशीनला तेल कधी घालून ठेवलं होतं कुणास ठाऊक. पलंगाखालून सासऱ्यांची रिळं बाहेर आली आणि अंधार पडताच सिनेमा लागला. एवांथिया पहिल्या रांगेत बसून हमसून हमसून रडत होती. मलाही भरून आलं. थ्रासोस मात्र भोपळ्याच्या बिया फोडत अगदी रंगून बघत होता.

आता तो विणलेला रुमाल आणि फुलदाणी माझ्या डिजिटल प्रोजेक्टरवर असते. रोज फुलदाणीचं पाणी बदलायचं काम माझ्याकडे आहे. काल थोडं पाणी मशीनवर सांडलं, मी घाबरून फडकं शोधायला लागलो.

"राहू द्या, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "त्याला आता काही होत नाही. फुलं तेवढी जपा."