म्हस्केमामांची पहिली पंगत

म्हस्केमामा घराला कुलूप लावण्याआधी फाटकात उभे राहतात आणि खणखणीत आवाजात घोषणा करतात, "प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. म्हस्के, शहागंजमार्गे भाजी मंडई, वेळेवर सुटत आहेत." आणि सुटतात. परत आले की पुन्हा, "मंडईहून येणारे म्हस्के, अर्धा तास उशिरानं दाखल झाले आहेत." घरात ऐकायला कुणी नसतं. मामी जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगा प्रशांत पुण्याला असतो.

गंगापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून मामांचं सगळं आयुष्य माइकपुढं गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी बीड बायपासच्या पलीकडं, आमच्या कॉलनीत छोटंसं घर बांधलं. कॉलनी म्हणजे काल-परवापर्यंत तुरीचं शेत होतं. प्लॉट पडले, घरं उभी राहिली, नळ तेवढे यायचे राहिले. त्यात ते दुष्काळाचे उन्हाळे लागले. टँकर आला की आम्ही पाइप घेऊन धावायचो, ड्रम भरायचो आणि ड्रमला कुलूप लावायचो. हसू नका, खरंच लावायचो. शेजारच्याचं नाव माहीत नसायचं, पण त्याचे ड्रम किती ते पाठ असायचं.

घोषणांबद्दल मी एकदा मामांना छेडलं. ते म्हणाले, "कुलकर्णी साहेब, गंगापूरला पायात चप्पल घातली की चार जण विचारायचे, कुठं निघालात म्हणून. इथं कुणी विचारत नाय. मग म्हटलं, आपणच सांगून टाकावं."



एका रविवारी मामा सकाळीच आमच्या दारात. "तातडीची सूचना आहे," म्हणाले. प्रशांतनं घर विकायचा धोशा लावला होता. पुण्याला चला, त्या कॉलनीत तुम्हाला ओळखतं कोण, उद्या घरात पडलात तर दार कोण ठोठावणार, असं त्याचं म्हणणं. पोरगा चुकीचं बोलत नव्हता.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, सगळी कॉलनी ओळखते मला. आता ती दाखवावी लागंल! पुढच्या रविवारी पंगत घालतो. प्रशांत येणार हाय. जमली तर इथंच राहणार. नाय जमली तर त्याच्याच गाडीत बसून पुण्याला. शब्द दिलाय."

"मामा, तुम्ही याआधी कधी असा कार्यक्रम केलाय?"

"दिवाळीच्या गर्दीत अख्खा स्टँड हलवलाय मी. चार घरांच्या पंगतीला काय लागतं?"

मग आठवडाभर कॉलनीत कुणाची दुपारची झोप झाली नाही. मामांनी कुठूनसा हातातला भोंगा पैदा केला होता. "साळवे सिस्टर, आपण ठेचा घेऊन यायचं आहे. कुलकर्णी वहिनी, पिठलं. गाडीत जागा मर्यादित आहे, कृपया जास्त करू नये." मोकळ्या प्लॉटवर त्यांनी फक्कीनं रेघा मारल्या. फलाट एकवर भाकरी, दोनवर पिठलं, तीनवर ठेचा, आणि जेवण झालेल्यांनी निर्गमन दारानं बाहेर पडायचं. "पंगत आहे की डेपो?" आमची ही म्हणाली, आणि मर्यादित जागेची सूचना धुडकावून मोठं पातेलं भरून पिठलं केलं.

रविवारी संध्याकाळी लोक आले. खरं सांगतो, मला वाटलं नव्हतं. पाहुण्यांच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून मामांनी स्वतःच्या ड्रममधलं पाणी तळापर्यंत काढून प्लॉटवर सडा मारला होता. सतरंज्या होत्या, पत्रावळ्या होत्या, मीठसुद्धा आठवणीनं होतं. प्रशांत गाडीला टेकून बघत होता.

साळवे सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स. इंजेक्शन हलक्या हातानं देतात असं ऐकलं होतं, पण ठेच्याला त्यांचा हात भलताच भारी निघाला. पहिल्या घासालाच मामांच्या समोरच्या घरातले देशपांडे खोकले. मग पोरं खोकली. मग कुणीतरी डोळे पुसत म्हणालं, "पाणी?"

पाणी कुणाला सांगितलंच नव्हतं.

ज्या कॉलनीत वर्षभर दुसरा विषय नव्हता, तिथं नेमकं पाणी राहिलं. आणि मला वाटतं ते राहणारच होतं. एकमेकांकडं पाणी मागायचं नाही, हे न बोलता आमच्यात ठरून गेलं होतं. मामांच्याही तोंडून ते निघालं नसावं. आता त्यांनी भोंगा तोंडाशी धरला आणि तसाच खाली घेतला. प्रशांत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाबा, राहू द्या. निघू या."

साळवे सिस्टरांनी ते ऐकलं. हातातला घास पत्रावळीवर ठेवून त्या उठल्या. "बसा मामा, आलेच. तिखट मी केलंय, निस्तरायला नको?"

त्या कमरेवर घागर घेऊन आल्या आणि मग किल्ल्यांचे आवाज सुरू झाले. आमच्या हिनं माझ्या खिशात हात घालून ड्रमची किल्ली काढून घेतली, मला विचारलंसुद्धा नाही. घराघरांतून कळश्या, जग, पातेली निघाली. कोण कुणाचं पाणी पितंय याचा हिशेब राहिला नाही. फलाटांच्या रेघा पुसल्या गेल्या, लोक वाटेल तिथं बसले.

प्रशांतच्याही हातात कुणीतरी जग दिला. तो वाढत निघाला तसे लोक त्याच्याशी बोलू लागले.

"तुम्ही मामांचे चिरंजीव व्हय? गुडघा कसाय आता त्यांचा? बुधवारी औषधाला गेले होते ना."

"मंगळवारी गंगापूरला जाऊन आले. गाडी उशिरा होती म्हणं."

देशपांडे म्हणाले, "परवा ते परत आल्याची घोषणा ऐकू आली नाही, तेव्हा मी जाऊन दार वाजवलं. चांगले झोपले होते! घोषणा द्यायची विसरले म्हणे."

प्रशांत वडिलांकडं न बघता पुढच्या माणसाला पाणी वाढायला वाकला.

तो एकटाच पुण्याला निघाला. जाताना त्यानं साळवे सिस्टरांचा आणि माझा नंबर घेतला. मला इतकं हलकं वाटलं की मी आणखी एक भाकरी खाल्ली.

आवराआवर करताना मी मामांना म्हटलं, "पुढच्या वर्षी पाण्याचं आधी सांगून ठेवा."

"नाय साहेब. बाकीचं सगळं नीट करू. ती रेघांची भानगड बी नको. पण पाण्याचं असंच राहू द्या. बरं झालं, विसरलो." मग म्हणाले, "जरा घरात येता? एका कामाला हात पाहिजे."

आत खाटेवर बॅग भरून तयार होती. गादी गुंडाळून सुतळीनं बांधलेली, भांडी पोत्यात. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"सकाळीच बांधून ठेवलं होतं," मामा म्हणाले. "कुणी येईल असं वाटलंच नव्हतं हो. लई घाबरलो होतो."

त्यांनी बॅग उघडली. वर टॉवेलात गुंडाळलेला मामींचा फोटो होता. मी स्टूल धरलं. मामांनी वर चढून तो खिळ्याला अडकवला, काच बाहीनं पुसली आणि खाली उतरून बघत राहिले. मी सुतळी सोडून गादी खाटेवर पसरली.

"बसा जरा," ते म्हणाले. "आता कुठं जायचं नाय मला."