वामनकाकांचं गव्हाशी वैर

वामनकाका कोणाच्याही घरी जेवायला गेले की आधी स्वयंपाकघरात शिरत आणि हिंगाची डबी मागत. चष्मा कपाळावर सारून डबीवरची बारीक अक्षरं नाकाजवळ नेऊन वाचत. "पोरी, याच्यात गव्हाचं पीठ आहे वं. हे वरण आम्हाले नाही चालत."

माझं नवंनवं लग्न झालेलं. शेजारचे काका-काकू पहिल्यांदाच जेवायला आलेले, आणि माझं वरण पातेल्यासकट बाद. मला रडूच आलं. काकूंनी हळूच हात दाबला. "मनावर नको घेऊ वं, ते असेच आहेत."

धंतोलीच्या डॉक्टरांनी आपल्याला सीलिॲक नावाचा आजार सांगितलाय, असं काका गावभर सांगत. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी आतडं बिघडतं. गल्लीला ते काही पटेना. आजवर गहू खाऊन कोण आजारी पडलंय? म्हाताऱ्याची थेरं, म्हणून सगळे मोकळे झाले.

सदर भागातल्या एका लग्नात तर त्यांनी थेट आचाऱ्याला धरलं. "भजे पुऱ्यांच्याच तेलात तळून राहिला ना गा तू?"

नवरीचा बाप हात जोडत आला. "काका, एका पुरीनं काय होते?"

"तुले काई नाही होत गा. दवाखान्यात आम्ही जातो."

मग दोघांनी पिशवीतली ज्वारीची भाकर काढून भर पंगतीत खाल्ली. नवऱ्यापायी काकूंनीही पोळी सोडली, म्हणून बायका त्यांचे गोडवे गात. काकू मान खाली घालून हसत.

काय दिवस होते ते. ते दोघं येणार म्हटलं की मी तवा घासूनपुसून ठेवायची. तपासणी करून काका "पास" म्हणाले की बोर्डाचा निकाल लागल्यासारखं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. तेरवीनंतर मी काकांना जेवायला बोलावलं. त्या दिवशी त्यांनी डबी मागितलीच नाही. ह्यांच्या ताटातली पोळी बघून म्हणाले, "मलेही पोळीच वाढ."

"काका, तुम्हाला चालत नाही ना?"

"मले कधी काई झालंच नव्हतं, पोरी. बिमारी तिची होती."

काकांनी ताट जवळ ओढलं.

"तिले कोणाले नाही म्हणताच येत नव्हतं. कोणी आग्रह केला की भिडेखातर खाऊन घे, आन् मंग आठवडाभर लोळत राहे. म्हणून मीच बिमार झालो. माह्या तोंडाले कोण लागते?"

मी पोळी वाढली. त्यांनी घास मोडला, भाजीला लावला आणि तसाच ताटात ठेवला.

"इतके वर्षं पोळीची लय आठवण यायची. आता पोळी समोर आहे, तर तुह्या काकूची आठवण येऊन राहिली. भाकरच दे वं."

तव्यावरची गरम भाकर मी त्यांच्या ताटात वाढली. काका मान खाली घालून जेवले.