ओढून बघणारे सदूभैया

माझ्या भाचीच्या लग्नात सप्तपदी झाली आणि सगळे आशीर्वाद द्यायला पुढे गेले. सदूभैयांनी अक्षता टाकण्याआधी काय करावं? नवरानवरीच्या उपरण्याची बांधलेली गाठ दोन्ही बाजूंनी ओढून बघितली! नवरामुलगा दचकला. व्याही माझ्याकडे बघायला लागले. "पक्की आहे, जी," असं जाहीर करून सदूभैया शांतपणे जेवायला बसले.

काय करणार, माणूसच तसा! आमच्या नगरा मोहल्ल्यात, माझ्या शेजारी, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं गाड्यांच्या सेन्सरचं दुकान आहे. इंजिन फिरताना कुठल्या क्षणी नेमकं कुठे आलंय, हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा बोटाएवढा सेन्सर असतो म्हणे. तो गप्प बसला की चांगली धडधाकट गाडी रस्त्यात उभी. सदूभैया त्याच्या वायरी जोडतात आणि प्रत्येक जोड ओढून बघतात. "ओढल्याशिवाय भरवसा नाही!" त्यात हात असा बसलाय की दाराची कडी, माझ्या पर्सचा बंद, भाजीवाल्याच्या तराजूची दोरी, काही म्हणून सुटत नाही.

मग तपासणी. सेन्सरला बॅटरी जोडायची, त्याच्या तोंडापुढून लोहचुंबक फिरवायचं, आणि टेबलावरचा दिवा लुकलुकला की सेन्सर जिवंत. "सिग्नल येतोय का?" हे त्यांचं पालुपद. मी तापाने फणफणले होते तेव्हा बघायला आले आणि दारातूनच विचारते झाले, "काय वहिनी, सिग्नल येतोय का?"

पण हात मात्र देवाने दिलेला. टहरौली गावचा एक जण जीप घेऊन आला. "काए भैया, सब मिस्त्री हार गए. गरम होतई बंद हो जात." सदूभैयांनी सेन्सर काढला, तपासला. दिवा झकास लुकलुकला. दुसऱ्या कुणी तो ठीक आहे म्हणून परत बसवला असता. हे माझ्या घरी आले आणि माझा केस वाळवायचा ड्रायर घेऊन गेले! सेन्सरवर गरम वारा सोडला, तसा दिवा गप्प. "देखो जी," ते खूश होऊन म्हणाले, "थंड असला की शहाणा, तापला की मुका. आमच्या ताईसारखा."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण कमलताई. गल्लीत समोरच राहतात, एकट्या. यजमान गेले, मूलबाळ नाही. बहीणभावांचा कित्येक वर्षं अबोला, आणि चूक शंभर टक्के या शहाण्याची. घाईत चुंबक सापडेना म्हणून याने ताईंच्या रेडिओचा स्पीकर फोडून आतलं चुंबक काढलं. तो रेडिओ यजमानांच्या हातचा होता. तेव्हापासून रेडिओही बंद आणि ताईंचं बोलणंही बंद. एवढा हुशार माणूस, पण अक्कल बघा!

परवा सकाळी मी माझा ड्रायर परत मागायला गेले. सदूभैया टेबलाच्या कोपऱ्यातल्या हिरव्या दिव्याकडे टक लावून उभे होते. त्या दिव्याला कधी सेन्सर जोडलेला मी पाहिला नव्हता.

"वहिनी, आज हा लागलाच नाही."

"मग? बदला."

"ताईचा आहे," ते म्हणाले, आणि मग सगळं बाहेर आलं. ताई चित्रकूटला गेल्या होत्या तेव्हा ताईंचा पंखा बघतो म्हणून सदूभैयांनी माझ्याकडे ठेवलेली त्यांच्या घराची किल्ली नेली होती. तेव्हाच ताईंच्या शिलाई मशीनच्या चाकाला चुंबक चिकटवलं, शेजारी सेन्सर बसवला आणि छतावरून वायर दुकानात आणली. रोज सकाळी ताई शिवायला बसल्या की इथे दिवा लुकलुकायचा. "म्हणजे कळतं, उठलीय, बरी आहे. विचारणार तरी कसं?"

"तुम्ही जाऊन बघता का, वहिनी?"

"मी? सख्खी बहीण कुणाची?" मी संतापलेच. पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझा राग ओसरला. चपला न घालता ते गल्लीपलीकडे धावले. मी मागे.

"ताई! ए ताई!" कडी ओढून ओढून निखळायच्या बेताला आली.

"दार उघडंच आहे," आतून आवाज आला.

ताई मशीनपाशी बसून हाताने चाक फिरवत होत्या. मशीनला सुई नव्हती, दोरा नव्हता, कापडाचा तुकडा नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर ताईंनी शिवण सोडलं, हे मला ठाऊक होतं की, मघाशी लक्षातच आलं नाही!

"केव्हाची फिरवतेय. हात भरून आला माझा," त्या भावावर खेकसल्या. "दिवा लागत नाही का रे तुझा?"

सदूभैयांची नजर चाकावरच्या चुंबकाकडे गेली.

"चित्रकूटहून आल्या दिवशीच हाताला लागलं मला ते चुंबक. कुठलं आहे तेही ओळखलं. माझ्याच रेडिओतलं माझ्याच मशीनला लावतोस, गाढवा! म्हटलं, फिरवावं रोज. नाहीतर हा घाबरायचा."

मला रडूच आलं. सदूभैया वायर बघतो म्हणत छतावर पळाले. माकडांनी तोडली होती. ती जोडून ते दुकानात येतात न येतात तोच समोरच्या खिडकीतून ताई ओरडल्या, "सद्या, सिग्नल येतोय का?"

हिरवा दिवा लुकलुकत होता.

"येतोय गं, ताई! येतोय!"

"भैया," मी म्हटलं, "आजचा जोड ओढून बघितला नाहीत."

"राहू दे, वहिनी," ते डोळे पुसत म्हणाले. "आता तुटला तर हाक मारीन."