इंदूबाईंचे चार दिवस

धरमपेठेतल्या इंदूबाईंची सून शामला सलग दोन महिने बाजूला बसली नाही, आणि तिसऱ्या महिन्यात इंदूबाईंनी पेढे वाटले.

हिशेब अगदी सोपा होता. घराच्या रीतीप्रमाणे पाळी आली की बाईने चार दिवस मागच्या पडवीत चटईवर बसायचे. चुलीला, देवाला आणि मुख्य म्हणजे लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. सून बसली नाही, म्हणजे पाळी चुकली. पाळी चुकली, म्हणजे नातू. सुनेला विचारायची गरजच काय? चटई थोडीच खोटे बोलते!

खरी गोष्ट अशी होती, की शामलाची पाळी वेळच्या वेळी येत होती. पण ती बी.एड. करत होती. पाठ घ्यायच्या दिवसांत बाजूला बसले तर पाठ बुडणार आणि पाठ बुडाले तर वर्ष बुडणार. म्हणून तिने चकार शब्द काढला नाही आणि सायकलवर टांग टाकून कॉलेजात जात राहिली. तिचा नवरा पुरुषोत्तम याला सगळे ठाऊक होते. पण आईने पेढा पुढे केला तेव्हा त्या बहाद्दराने दोन खाल्ले.

पेढ्यांपर्यंत ठीक होते. दुसऱ्या दिवशी सासरे मनोहरराव नरखेडच्या बागेतून संत्र्यांची टोपली घेऊन आले. शेजारच्या अंजनाबाईंनी चिंचा आणि पाळणा एकदमच पाठवून दिला. आणि संध्याकाळी इंदूबाईंनी सायकलीला कुलूप ठोकले.

"आई, उद्या माहा पाठ हाय!"

"पाठ गेला खड्ड्यात. सायकलवर धक्के लागतात. पुढच्या साली पाह्यजो."

"पुढच्या साली काहून?"

"बाळंत झाल्यावर वं!"

ज्याच्यासाठी तोंड मिटून बसली, तेच हातचे चालले. शामलाला रडू यायचेच बाकी राहिले. खरे सांगावे, तर 'तसल्या' दिवसांत नैवेद्य केल्याचे बाहेर येणार. न सांगावे, तर वर्ष जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी इंदूबाईच तिला रिक्षात बसवून डॉक्टर सिंधूताईंकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई मोठ्या रोखठोक.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"दिवाळीच्या आधी," इंदूबाईंनी उत्तर दिले.

"तुमची नाही हो, हिची."

"हिचीच सांगून राहिली मी."

शामलाने डोळे घट्ट मिटले. "मागच्या सोमवारी," ती म्हणाली.

"सोमवारी?" इंदूबाई खुर्चीतून उठल्याच. "सोमवारी तं तू पुरणाचा नैवेद्य केला! लोणचंबी तूच काढलं!"

"हो, आई."

"मंग लोणचं काहून नाई नासलं?"

"लोणच्याला यातलं काही कळत नाही म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि पाळी चुकली म्हणजे पाळणा हलणारच, असंही नाही बाई. काळजीनं चुकते, फार उपासतापास केले तर चुकते, आजारपणात चुकते. वयानं तर थांबतेच. हिची तर चुकलेलीच नाही. पण तुम्हाला एवढ्या थंडीत घाम काय सुटलाय?"

इंदूबाई पदराने कपाळ टिपत होत्या. "मले होते असं अधूनमधून."

"तुमची पाळी कधी आली होती?"

इंदूबाईंनी आधी छताकडे पाहिले, मग पायांकडे. "मागच्या सालच्या पोळ्याच्या आधी," त्या पुटपुटल्या.

आता ओरडायची पाळी शामलाची होती. "आई! पण तुम्ही तं दर महिन्याले बसता! याबी महिन्यात बसल्या!"

"बसते. काहून नाई बसू?" इंदूबाईंचे डोळे भरून आले. "लग्न झाल्यापासून महिन्यातले तेवढेच चार दिवस कोणी हातात आयता चहा देते. पाळी गेली तं काय चहाबी जाऊ देऊ? अन् वरून भेव वाटे, का काही रोग तं नाई. कोणाले सांगू?"

"रोग नाही, वय आहे," डॉक्टरीणबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "वर्ष उलटून गेलं, म्हणजे थांबली. व्हायचंच ते. पुन्हा कधी रक्त दिसलं तर मात्र लगेच माझ्याकडे या."

शामलाने सासूचा हात धरला. तिला आता सासूची भीती वाटत नव्हती, नुसती माया वाटत होती.

रिक्षा घराकडे वळली. मग इंदूबाई म्हणाल्या, "तू माह्यं सांगू नको, मी तुह्यं सांगत नाई. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, हे लोकं उगाच नाई म्हणत."

घरी मनोहरराव दारातच उभे होते. "नातवाचं काय म्हणे?"

"येईन त्याले वाटन तेव्हा. आधी हिले मास्तरीण होऊ द्या. अन् डॉक्टरीणबाईनं आराम सांगतला हाय. महिन्याचे चार दिवस आम्ही दोघीबी चुलीजवळ जाणार नाई."

"मंग सैपाक?"

"तुम्ही बापलेक हाव ना घरात."

"अन् बाजूला बसलेली बाई सायकलवर कशी जाईन?"

"सायकलच्या सीटवर काय देव मांडले हायेत? बसन तिथंच बाजूला!" इंदूबाईंनी कमरेची किल्ली काढून सुनेच्या हातावर ठेवली.

पुढच्या महिन्यात शामला घंटी वाजवत पाठ घ्यायला निघून गेली. इंदूबाई पडवीत चटईवर पाय पसरून नरखेडचे संत्रे सोलत बसल्या. स्वयंपाकघरातून करपलेल्या फोडणीचा धूर आला, आणि धुरामागून मनोहररावांचा आवाज.

"अवं, हळद कोणत्या डब्यात हाय?"

"मले नका विचारू," इंदूबाईंनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "मी बाजूला बसली हावो."