बॅटरीचा नैवेद्य

खंडेनवमीच्या सकाळी जयप्रकाश केळसकर आंघोळ करून बाहेर आले, तेव्हा त्यांच्या स्कूटरची बॅटरी देवघरासमोर पाटावर बसलेली होती. तिला हळद-कुंकू लागलं होतं, गळ्यात झेंडूची माळ होती. तिच्या एका बाजूला मिक्सर होता, दुसऱ्या बाजूला इस्त्री आणि पुढ्यात विळी. मुलीचा, अबोलीचा, लॅपटॉप तेवढा बचावला होता, कारण तिने तो पहाटेच पांघरुणात लपवला होता.

"स्मिता, अगं हे काय?"

"शस्त्रपूजा. दरवर्षी असते."

"बॅटरी हे शस्त्र आहे का?"

"मग काय आहे? तुमचं सगळं तिच्यावर चालतं. आता दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत ती हलवायची नाही आणि कामाला लावायची नाही. मीसुद्धा आज चटणी खलबत्त्यात कुटणार आहे."

ती बॅटरी अर्धीच भरलेली होती; काल रात्री चार्जरला लावायची राहून गेली होती. उद्या दसरा, आणि उद्याच त्यांची परीक्षा होती.

या परीक्षेची गोष्ट सांगायची तर पेट्रोलपासून सुरुवात करावी लागेल. पेट्रोलचा भाव शंभरी ओलांडून गेला तसे कामोठ्यातले सगळेच लोक हळहळले, पण जयप्रकाशराव हळहळून थांबणाऱ्यांतले नव्हते. "बघू तरी काय होतंय" हा त्यांचा स्वभाव. कळंबोलीच्या पुलावरून उतरताना ते स्कूटरचं इंजिन बंद करत. थंड हवेत पेट्रोल जास्त भरतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून महिनाभर ते भल्या पहाटे पंपावर जाऊन कर्मचाऱ्याला उठवत. मग गच्चीवर सूर्यचूल आली. तिच्यात भात शिजला, हे खरं. पण तो खाल्ला कावळ्यांनी. शेवटी त्यांनी जुनी स्कूटर देऊन विजेवर चालणारी आणली.

गाडी गुणी होती, पण पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नव्हती. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि केळसकरांचं घर चौथ्या मजल्यावर. त्यामुळे जयप्रकाशराव रोज संध्याकाळी ती जडशीळ बॅटरी काढून, छातीशी धरून, प्रत्येक मजल्यावर दम खात वर नेत आणि सकाळी खाली आणत. पाठ धरली, खांदा धरला. "पेट्रोल वाचलं, पण बाम किती लागतोय ते बघा," असं स्मिताबाई म्हणत, आणि त्यात तथ्य होतं.

पार्किंगमध्ये पॉइंट बसवायचा तर गोटीरामशेठची परवानगी हवी. इमारत उभी होती ती जमीन एकेकाळी त्यांच्या भाताच्या शेतीची. आता तळमजल्यावर ते स्वतः, वरच्या काही घरांत त्यांचे भाडेकरू, आणि सोसायटीचे चेअरमनही तेच. कमिटीत माणसं बरीच होती, पण सगळ्यांचं मत शेठ एकटेच देत. त्यांना ही बिनआवाजाची गाडी मुळीच पसंत नव्हती.

"केलसकर, आवाज नाय त गारी कसली? सायकलपन करकर करते."

"शेठ, एकदा बसून तर बघा."

"बसतो ना! दसऱ्याला मना मोऱ्याला जायाचा हाय, भयनीच्या घरी, गोजराकरं. सोना द्यायला. तुमच्या इजेच्या गारीवर न्या. जाऊन येऊन कुठं बंद नाय परली, त पॉइंट बसवला समजा. पन बंद परली, त या विषयावर परत तोंड उघरायचा नाय!"

जयप्रकाशरावांनी हिशेब केला. दोन माणसं, मोरा बंदरापर्यंत जाणं आणि येणं. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर गाडीला ते आरामात झेपेल. त्यांनी होकार दिला. आणि आता ती बॅटरी अर्ध्या पोटी, माळ घालून पाटावर बसली होती.

"स्मिता, हलवत नाही. जागच्या जागी चार्जर लावतो."

"चार्जर लावणं म्हणजे काम नाही का?"

"काम कसं? काम तर गाडी चालवणं. चार्जिंग म्हणजे तिचं..." जयप्रकाशराव क्षणभर अडले आणि मग त्यांना सुचलं, "तिचं जेवण! नैवेद्य म्हण ना. मिक्सरसमोर तू पेढा ठेवलास, बॅटरीने काय पेढा खायचा?"

स्मिताबाई विचारात पडल्या. मुद्दा बिनतोड होता. त्यांनी स्वतः एक्स्टेन्शन आणून दिलं, चार्जरला गंध लावलं, प्लग बसवल्यावर भोवती पाण्याचं बोट फिरवणार होत्या, पण अबोलीने "आई, शॉक!" म्हणून किंकाळी फोडली तेव्हा लांबूनच हात जोडले. चार्जरचा दिवा लागला. आपल्या अकलेवर खूश होऊन जयप्रकाशराव पनवेलला आपट्याची पानं आणि फुलं आणायला गेले, तिथून भावाकडे जेवायला गेले, आणि आले ते सरळ झोपले. झोपताना त्यांनी देवघराकडे नजर टाकली. बॅटरीवर आणि चार्जरवर एवढी फुलं होती की दिवे दिसणं शक्य नव्हतं. फुलं हलवली असती तर स्मिताबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली न झाली तोच खालून हाक आली. गोटीरामशेठ पांढरेशुभ्र कपडे करून, गळ्यात सोन्याची साखळी घालून स्कूटरपाशी उभे होते. जयप्रकाशराव बॅटरी उचलून धावतच खाली गेले, ती गाडीत बसवली आणि किल्ली फिरवली. पडद्यावर बॅटरी दिसली. अर्ध्याच्या रेषभर वर.

त्यांनी तिथूनच फोन लावला. "स्मिता! चार्जिंग झालं नाही?"

"झालं की. पंधरा-वीस मिनिटं ठेवलं आणि काढलं."

"का काढलंस?"

"अहो, नैवेद्य ना तो? देवापुढे ताट काय दिवसभर ठेवतात? दाखवायचा आणि उचलायचा."

नैवेद्याचा हा दाखला जयप्रकाशरावांनी स्वतःच्याच तोंडाने दिलेला. तोवर शेठ मागे बसलेही होते. गाडी मागच्या बाजूने चांगलीच खाली गेली. या क्षणी खरं सांगून टाकावं असं जयप्रकाशरावांना मनापासून वाटलं. पण सांगितलं की पॉइंट गेला, आणि चौथा मजला जन्माचा पदरी आला. शिवाय त्यांना खरोखरच कुतूहल वाटू लागलं, की अर्ध्या बॅटरीवर ही गाडी नेते तरी कुठवर? "बघू तरी," असं मनाशी म्हणत त्यांनी गाडी काढली.

जाताना सगळं झकास झालं. गव्हाण फाटा गेला, जासई गेली, सणामुळे कंटेनरचे ट्रेलरही कमी होते. शेठ मागून कौतुकाने बोलत होते. "हलत नाय हो! बसल्याबसल्या झोप येते." मोऱ्याला पोहोचेपर्यंत बॅटरी पाव हिश्श्यावर आली होती. गोजराबाईंच्या ओटीवर प्लग होता, तो बघून जयप्रकाशरावांना देव भेटल्याचा आनंद झाला. पण चार्जर? तो देवघरासमोर गंध लावून तसाच बसला होता.

गोजराबाईंनी भावाला ओवाळलं, पाहुण्यालाही ओवाळलं, आणि मग गाडीभोवती एक फेरी मारली.

"पेट्रोल नाय पित? मग खाते काय?"

"वीज खाते, ताई."

"कवरी खाते?"

"आज जरा कमीच खाल्लीय," जयप्रकाशराव म्हणाले. शेठना तो विनय वाटला.

कोंबडीचा रस्सा आणि वडे समोर आले, पण जयप्रकाशराव मनातल्या मनात परतीचे किलोमीटर मोजत बसले. निघताना गोजराबाईंनी भावासाठी सुक्या मासळीची पिशवी दिली, नारळ दिले, नव्या तांदळाची एक गोणीच दिली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! गोणी पुढे पायांत, नारळ हँडलला, मासळी शेठच्या मांडीवर. गाडी निघाली, पण सकाळचा तोरा गेला होता. थोड्या वेळाने गाडीचा वेग आपोआप उतरला आणि पडद्यावर एक चित्र उमटलं. शेठनी खांद्यावरून वाकून पाहिलं.

"केलसकर, यो कासव कसला?"

"तो... कंपनीचा असतो."

"बेस हाय."

मागून एक सायकलवाला आला, त्याने दोघांकडे निरखून पाहिलं आणि पुढे निघून गेला. जासईच्या अलीकडे स्कूटर थांबली. धक्का नाही, आवाज नाही; दिवा विझावा तशी थांबली.

जयप्रकाशरावांनी उतरून, हात जोडून, सगळं सांगितलं. पाट सांगितला, माळ सांगितली, नैवेद्य सांगितला. ऐकता ऐकता गोटीरामशेठचा चेहरा लालबुंद होत गेला.

"म्हंजे घरून निंगतानाच तुमाला ठावा होता? आनि मना मासली धरून या रस्त्यावर..." शेठनी आवाज चढवला, तेवढ्यात एक पिकअप टेम्पो करकचून थांबला. आतून त्यांचा पुतण्या मिथुन उतरला.

"काका! गारी बंद परली काय?"

आता गोष्ट अशी होती, की उरणपासून पनवेलपर्यंत गोटीरामशेठना ओळखत नाही असा माणूस नव्हता. घरी मोठी गाडी असताना शेठ कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसले आणि ती बंद पडून रस्त्यात उभे राहिले, ही बातमी दिवेलागणीच्या आत गावोगाव गेली असती. पडलो तरी नाक वर, हा शेठचा बाणा. त्यांनी मासळीची पिशवी जयप्रकाशरावांच्या हातात दिली आणि सदरा सारखा केला.

"बंद पराला ती काय पेट्रोलची हाय? दसऱ्याचा दिस. हत्याराला घरीभर आराम देतोय."

मिथुनने गाडीभोवती फेरी मारली. "आवाजच नाय हो हिला!"

"आवाज कशाला पायजे? डोका उठतो. मोऱ्याला जाऊन आलो, पोटातला पानी नाय हालला."

शेठ दिसले म्हणून आणखी एक मोटरसायकल थांबली, मग एक रिक्षा. पेट्रोलने सगळेच पोळलेले. एकाने भावाचा विषय काढला, दुसऱ्याने उसासा टाकला. प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. कितीला पडते? किती देते? पावसात चालते का? जयप्रकाशराव तोंड उघडायचे, पण उत्तर शेठ द्यायचे आणि जे माहीत नाही ते जास्त जोरात द्यायचे.

"आनि चार्जिंग कुठं करता?" रिक्षावाल्याने विचारलं.

"आमच्या पार्किंगमदी पॉइंट बसतोय ना! दिवालीच्या आत." शेठ बोलून गेले. जयप्रकाशरावांनी पिशवी छातीशी घट्ट धरली; त्यांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"मग काका, तुमीपन घेनार काय?"

"घेनार? बुक केल्या! मना एक, पोरांना दोन."

गर्दीत कौतुकाची लाट उसळली. शेवटी निघायची वेळ आली. गाडी काही चालणार नव्हती, आणि सगळे तर ती चालताना बघायला उभे होते. शेठनी पिकअपकडे पाहिलं.

"मिथुन, चरव हिला टेंपोत. नवी गारी, पयला दसरा. गावातून मिरवत नेऊ."

अशा रीतीने ती स्कूटर, तांदळाची गोणी आणि जयप्रकाशराव टेम्पोच्या मागच्या भागात उभे राहून कामोठ्यात शिरले. मिथुनने आपल्या टेम्पोची झेंडूची तोरणं काढून स्कूटरला बांधली होती. पुढे ड्रायव्हरशेजारी शेठ बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होते. एका मंडळाच्या पोरांनी ढोलही वाजवला. इमारतीसमोर स्मिताबाईंनी गाडीला ओवाळलं आणि हळूच विचारलं, "पोहोचली ना नीट?"

"पोहोचली," जयप्रकाशराव म्हणाले. ते खोटं नव्हतं.

शेठ शब्दाचे पक्के निघाले. दिवाळीच्या आत पार्किंगमध्ये वायरमन आला, भिंतीवर झाकणाचा छान पॉइंट बसला, नारळ फुटला. नारळ फोडायचा मान जयप्रकाशरावांना मिळाला आणि त्यांना खरंच भरून आलं. पण त्याच आठवड्यात शेठच्या तीन नव्या कोऱ्या स्कूटर आल्या. चार माणसांत बुक केल्या म्हटल्यावर घेणं आलंच. पॉइंट मात्र एकच होता. सकाळी त्याला थोरल्या मुलाची गाडी लागलेली असे, दुपारी धाकट्याची, आणि रात्री या दोघांतली जी जास्त हिंडली असेल तिची. जयप्रकाशराव झाकणापर्यंत पोहोचले, असा एकही दिवस उजाडला नाही.

एका संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे बॅटरी काढून जिन्याकडे निघाले होते. तळमजल्याच्या दारात गोटीरामशेठ उभे होते. त्यांनी थोडा वेळ पाहिलं, आत गेले आणि हातात स्वतःच्या स्कूटरची बॅटरी घेऊन आले.

"केलसकर, माज्या घरचे प्लग सगले पोरांनी आरवून ठेवलेत. पॉइंटवर माजाच नंबर लागत नाय बगा. तुमी वर चाललाच हाव, त ही पन घेऊन जावा. सकाली येताना आना."

नाही कसं म्हणणार? पॉइंट त्यांनी दिला होता. जयप्रकाशरावांनी दुसरा हात पुढे केला. पहिल्या मजल्यावर ते थांबले, दोन्ही बॅटऱ्या खाली ठेवल्या, आणि कुठली जड आहे हे आळीपाळीने उचलून पाहिलं. मग पुन्हा दोन्ही हातांत घेऊन चढू लागले. ओझं दोन्हीकडे सारखं असलं की पाठ कमी दुखते, हा शोध त्यांना दुसऱ्या मजल्यावर लागला.