मैनाचे छत्तीस टक्के

"अमरावतीवाल्यांच्या आधी पोरगी आपल्या कॉलेजात! नाही आणली तर गळ्यातली शिट्टी काढून ठेवीन!" अकोल्याचे क्रीडाशिक्षक ललित सर स्टाफरूममध्ये टेबलावर हात आपटून बोलले. बोलतील नाही तर काय! आंतरमहाविद्यालयीन ट्रॉफी अकरा वर्षं अमरावतीलाच मुक्काम ठोकून बसली होती.

मूर्तिजापूरच्या मैनाला त्यांनी पळताना पाहिलं होतं. तिची गुणपत्रिका मात्र पाहिली नव्हती, आणि पाहायची कशाला? एवढी पळते म्हणजे अभ्यासात दगडच असणार! सरांनी प्रवेश-सवलतीचा अर्ज स्वतःच भरला, 'बारावी : ३६ टक्के' असं अंदाजानं ठोकून दिलं, प्राचार्यांची सही घेतली आणि अर्जासोबत किलोभर पेढे घेऊन मोटारसायकलला किक मारली.

मैनाचे बाबा पुंजाजी ओसरीवर तूर निवडत होते. सर बसता बसताच सुटले, "काका, पोरीले वर्गात बसाचं कामच नाही! हजेरी आमी लावतो!"

"कावून? बसून तिचे पाय दुखतेत का?"

तेवढ्यात मैनानं सरांनी ओसरीवर ठेवलेला अर्ज उचलून वाचला. तशीच आत गेली आणि गुणपत्रिका आणून सरांच्या हातात दिली. एक्क्याण्णव टक्के! सरांनी नुकताच तोंडात टाकलेला पेढा घशातच अडकला.

"अंदाज... जरा चुकला."

"जरा?" पुंजाजी कडाडले. "माया पोरीचे पंचावन्न टक्के खाल्ले न् वरून पेढे खाऊन राहिले!"

"सर," मैना म्हणाली, "अमरावतीवालेही सकाळी हेच सांगून गेले, वर्गात येऊ नको म्हणून. मले फिजिक्स शिकाचं हाय. तुमच्या टीममधले पास किती?"

सरांनी छातीवर दगड ठेवला. "एकही नाही."

"खरं तं बोलले! येईन मी. पण अख्खी टीम रोज वर्गात बसली पाहिजे. न् माया वर्गात, पहिल्या बाकावर, तुमी! परीक्षेसकट! सर बसले तं पोरं बसतीन."

सरांनी मान हलवली.

फेब्रुवारीत मैना पाच हजार मीटर अशी पळाली, की दुसरी येईस्तोवर तिनं पाणी पिऊन चप्पलही घातली! ट्रॉफी अकोल्यात आली. गुलाल, ढोल, आणि अख्खी टीम पहिल्या सत्रात पास! प्राचार्यांनी सरांना कडकडून मिठी मारली. पुंजाजींनी स्वतः पेढा भरवला.

पोरांच्या खांद्यावरून सर गरजले, "उद्या सगळ्यांना सुट्टी!"

"सुट्टी कायची?" ट्रॉफी सांभाळत मैना म्हणाली. "उद्या फिजिक्सची चाचणी हाय. मागच्या वेळी तुमाले छत्तीस टक्के पडले, सर. न् ते अंदाजानं नाही!"